जुनी लक्झरी सेडान घेताना: कुठलं इंजिन निवडायचं, काय तपासायचं आणि दुरुस्तीसाठी किती पैसे बाजूला ठेवायचे

आठ-दहा किंवा त्याहून जास्त वर्षं वापरलेली मोठी लक्झरी सेडान नव्या किमतीच्या पाव भागात मिळते, कधी त्याहून कमीत. घेणारा इथेच भुलतो. गाडीचा भाव पाव झाला तरी तिच्या पार्टचा भाव पाव होत नाही. हेडलाइट, एअर सस्पेन्शनचा स्ट्रट, गिअरबॉक्सचा मेकॅट्रॉनिक (गिअर बदलणारं कंट्रोल युनिट) हे सगळं नव्या गाडीच्याच हिशोबाने विकलं जातं. मजुरीचे तास तर गाडी जुनी झाल्यावर वाढतात, कारण बोल्ट गंजलेले असतात आणि प्लास्टिकचे क्लिप हात लावला की तुटतात. त्यामुळे घेण्याआधी "ही गाडी मला परवडते का?" यापेक्षा "हिची नवी किंमत जितकी होती, तितक्या किमतीच्या गाडीची दुरुस्ती मला परवडते का?" हा प्रश्न विचारा.

ठोकताळा असा: गाडीच्या किमतीच्या किमान पाव भागाइतकी रक्कम खरेदीच्या दिवशीच वेगळी काढून ठेवा. एअर सस्पेन्शन किंवा व्ही८ इंजिन असेल तर एक तृतीयांश धरा. हातातले सगळे पैसे गाडीतच घालावे लागत असतील तर एक पायरी खालची गाडी बघा.

पायरी १: आधी इंजिन ठरवा, मॉडेल नंतर

एकाच मॉडेलमध्ये एक इंजिन वर्षानुवर्षं मुकाट्याने चालतं आणि दुसरं मालकाला दर सहा महिन्यांनी गॅरेजला नेतं. जाहिरातीत "५ सिरीज" किंवा "ई-क्लास" एवढंच वाचून निघू नका. इंजिनाचा कोड विचारा.

बीएमडब्ल्यूच्या चार सिलिंडर डिझेलमध्ये, म्हणजे एन४७ मध्ये, टायमिंग चेन (व्हॉल्व्ह आणि पिस्टनची वेळ जुळवणारी साखळी) इंजिनाच्या मागच्या बाजूला, फ्लायव्हीलकडे आहे. २००७ ते २०११ च्या सुरुवातीपर्यंतच्या इंजिनांत ही चेन आणि तिचे प्लास्टिकचे गाइड लवकर झिजतात. चेन बदलायला गिअरबॉक्स काढावा लागतो, बहुतेक गॅरेज अख्खं इंजिनच उतरवतात. त्याआधीच्या सहा सिलिंडर एम५७ डिझेलची चेन पुढे आहे आणि ती दणकट आहे. तिथे काळजी घ्यायची ती इनटेक मॅनिफोल्डमधल्या स्वर्ल फ्लॅपची, म्हणजे आत येणारी हवा घुसळणाऱ्या छोट्या झडपांची. ते तुटून सिलिंडरमध्ये पडले तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह जातात. फ्लॅप काढून तिथे झाकणं बसवलेली असतील तर निर्धास्त राहा.

पेट्रोलमध्ये विनाटर्बो सहा सिलिंडर एन५२ चांगलं आहे. त्याचा विजेवर चालणारा वॉटर पंप मात्र साधारण एक लाख किमीच्या आसपास बंद पडतो, आणि पडताना फारशी आगाऊ सूचना देत नाही. पंप, थर्मोस्टॅट, व्हॉल्व्ह कव्हर गॅस्केट आणि ऑइल फिल्टर हाऊसिंगचं गॅस्केट एवढं झालेलं आहे का, हे बिलावरून बघा. एन६२ व्ही८ मध्ये व्हॉल्व्ह स्टेम सील (व्हॉल्व्हच्या दांड्यांवरची रबरी सील) कडक होतात आणि इंजिनाच्या मधोमध जाणारा कूलंटचा पाइप गळतो. त्यानंतर आलेल्या एन६३ व्ही८ मध्ये दोन्ही टर्बो सिलिंडरच्या दोन रांगांच्या मधल्या खाचेत बसवले आहेत. तिथे साचणारी उष्णता नळ्या, सील आणि वायरिंग भाजून काढते, आणि इंजिन ऑइलही खातं. पहिल्यांदाच लक्झरी गाडी घेणाऱ्याने सुरुवातीच्या एन६३ च्या वाटेला जाऊच नये.

मर्सिडीजचं एम२७२ व्ही६ गुळगुळीत चालतं, पण साधारण २००४ ते २००८ दरम्यानच्या इंजिनांत बॅलन्स शाफ्टचं (इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या दांड्याचं) दातेरी चाक नरम निघालं. तेच दुखणं एम२७३ व्ही८ मध्ये आयडलर गिअरला आहे. चाक झिजलं की कॅमशाफ्टचं टायमिंग सरकतं, आणि स्कॅनरवर कॅमशाफ्ट-क्रँकशाफ्टच्या स्थितीचा कोड येतो, बरेचदा १२०० किंवा १२०८. शाफ्ट इंजिनाच्या पोटात असल्याने इंजिन बाहेर काढण्यावाचून गत्यंतर नाही. हे काम झाल्याचं बिल असेल तर गाडी घ्यायला हरकत नाही. बिल नसेल तर इंजिनाचा नंबर अधिकृत सर्व्हिस सेंटरला दाखवून तो सदोष मालिकेतला आहे का, ते आधी विचारा.

ऑडीच्या व्ही६ आणि व्ही८ मध्ये २००३-०४ नंतर चेन मागेच आहे, तेव्हा स्टार्टच्या वेळचा आवाज (पायरी ३ बघा) इथेही कान देऊन ऐका. २.० टीएफएसआय या चार सिलिंडर टर्बो पेट्रोलच्या साधारण २००८ ते २०१२ च्या पिढीत पिस्टन रिंग अडकल्याने ऑइल खाण्याची आणि चेनचा टेन्शनर (चेन ताणून धरणारा पार्ट) सैल पडण्याची तक्रार आहे. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या जुन्या ऑटोमॅटिक ए६ मध्ये मल्टिट्रॉनिक गिअरबॉक्स आहे. तो टाळा आणि क्वाट्रो, म्हणजे चारही चाकांवर चालणारी, घ्या.

लेक्सस एलएस ४३० हे कमी त्रासाचं नाव योग्य कारणाने मिळवलेलं मॉडेल आहे. फक्त तिच्या व्ही८ ला चेन नसून टायमिंग बेल्ट आहे आणि तो साधारण दीड लाख किमीला बदलावा लागतो. नंतरच्या एलएस ४६० मध्ये पुढच्या कंट्रोल आर्मचे बुश (सांध्यातली रबरं) हा ठरलेला खर्च आहे.

व्ही१२ च्या मोहात पडणाऱ्यांसाठी एकच गोष्ट. मर्सिडीजच्या एम२७५ मध्ये २४ स्पार्क प्लग आहेत आणि बारा-बारा प्लगसाठी एकेक सलग कॉइल पॅक. एक कॉइल मेली तरी अख्खा पॅक बदलायचा.

खर्च पार्टचा की तासांचा

नवख्या माणसाला बिल कळत नाही ते इथे. मर्सिडीजचं ओएम६४२, म्हणजे तीन लिटर व्ही६ डिझेल, घ्या. ऑइल कूलर सिलिंडरच्या दोन रांगांमधल्या खाचेत, सगळ्यात तळाशी बसवलेला आहे. त्याच्याखाली दोन छोटी रबरी सील. मूळ सील नारिंगी-लाल होती, ती उष्णतेने कडक होऊन गळायची. सुधारित सील जांभळी आहेत. सीलची किंमत किरकोळ, पण तिथपर्यंत हात पोचायला टर्बो, इनटेक मॅनिफोल्ड आणि वरचे सगळे पाइप काढावे लागतात. दीड-दोन दिवसांची मजुरी होते. गंमत अशी की हे ऑइल खाचेतून मागे वाहतं आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडातून थेंब-थेंब पडतं. खालून बघणारा मेकॅनिक ते क्रँकशाफ्टच्या मागच्या सीलचं समजतो, गिअरबॉक्स उतरवतो, सील बदलतो, आणि आठवड्याने पुन्हा तोच डाग. म्हणून या इंजिनाखाली मागे ऑइल दिसलं की आधी वरून, टॉर्च लावून, खाचेत ऑइल साचलंय का ते बघायला सांगा.

एखादं काम काढलंच तर त्याच वाटेवरचे बाकीचे पार्टही बदलून घ्यायचे, ही सवय लावून घ्या. कूलरच्या सीलसाठी मॅनिफोल्ड काढला की त्याची गॅस्केट, ब्रीदरची नळी आणि टर्बोच्या इनटेकचं सील नवीन टाका. वॉटर पंप काढला की थर्मोस्टॅट आणि बेल्टही त्याच वेळी.

पायरी २: कागद

सर्व्हिस बुकातले शिक्के नुसते मोजू नका, बिलं मागा. बिलावर तारीख, किलोमीटर आणि कुठलं ऑइल किती लिटर घातलं हे लिहिलेलं असतं. साडेआठ लिटर ऑइल घेणाऱ्या इंजिनाच्या बिलावर सहा लिटर दिसलं तर त्या गॅरेजने गाडी नीट ओळखलीच नव्हती. ऑइल दर दहा ते बारा हजार किमीला किंवा वर्षाला बदललेलं हवं. कंपनीने तीस हजार किमी म्हटलेलं असलं तरी जुन्या इंजिनाची चेन आणि टर्बो त्यावर तग धरत नाहीत.

गिअरबॉक्सच्या ऑइलचं बिल खास शोधा. गाडी बनवणाऱ्या कंपन्यांनी बरीच वर्षं "आयुष्यभर बदलायची गरज नाही" असं सांगितलं. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ मात्र ८० हजार ते १ लाख २० हजार किमी किंवा आठ वर्षं म्हणते. झेडएफचं ऐका.

चॅसिसचा १७ अंकी-अक्षरी नंबर काचेखाली, दरवाज्याच्या खांबावर आणि कागदावर सारखाच आहे का ते ताडून बघा. नंतर स्कॅनर लावल्यावर इंजिनाच्या कंप्युटरमध्येही तोच नंबर हवा.

पायरी ३: थंड इंजिन

विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की तुम्ही येईपर्यंत गाडी चालू करायची नाही. पोचल्यावर बॉनेटवर तळहात ठेवा. कोमट लागलं तर काहीतरी लपवायचं होतं असं समजा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत या.

एक जण स्टार्टर मारेल, दुसरा इंजिनाजवळ उभा राहील. पहिल्या सेकंदाला हलकी खडखड येऊन थांबली तर ऑइलचा दाब तयार होईपर्यंतचा तो आवाज असतो. साखळी डब्यात हलवल्यासारखा आवाज तीन-चार सेकंद टिकला किंवा गरम झाल्यावरही येत राहिला तर चेन किंवा टेन्शनर गेलेला आहे. मागे चेन असलेल्या इंजिनांत हा आवाज गाडीच्या आतून, पायाजवळून जास्त स्पष्ट ऐकू येतो.

धूर बघा. सुरुवातीची पांढरी वाफ विरून जाते. गोडसर वासाचा पांढरा धूर येतच राहिला तर कूलंट सिलिंडरमध्ये जातंय. निळा धूर म्हणजे ऑइल. एन६२ व्ही८ असेल तर गाडी दहा-पंधरा मिनिटं जागेवर चालू ठेवून मग एकदम रेस द्या. मागे निळा ढग निघाला तर व्हॉल्व्ह स्टेम सील गेलेली आहेत, आणि अशी बत्तीस सील बदलायची असतात. ऑइलच्या झाकणाच्या आतली बाजूही बघा. काळा, डांबरासारखा थर म्हणजे ऑइल वेळेवर बदललेलं नाही.

पायरी ४: स्कॅनर

साधा ओबीडी स्कॅनर इंजिनाचे कोड दाखवतो, पण सस्पेन्शन, ब्रेक, गिअरबॉक्स आणि एअरबॅगचे कंप्युटर त्याला दिसत नाहीत. बीएमडब्ल्यूला इस्टा, मर्सिडीजला झेंट्री, ऑडीला ओडिस किंवा व्हीसीडीएस ही तपासणीची सॉफ्टवेअर असलेलं गॅरेज गाठा. तपासणीचे पैसे स्वतः द्या, म्हणजे गॅरेजवाला तुमच्या बाजूने बोलेल.

तीन गोष्टी विचारून घ्या. पहिली, रेडीनेस मॉनिटर (इंजिन स्वतःच करतं त्या तपासण्या) पूर्ण आहेत का? बरेच अपूर्ण असतील तर बॅटरी काढली तरी गेली होती किंवा कोड नुकतेच पुसले आहेत, आणि अशी गाडी दोन-तीन दिवस चालवून पुन्हा स्कॅन केल्याशिवाय घेऊ नये. दुसरी, लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे कंप्युटर इंधन किती कमी-जास्त करतोय तो आकडा. उणे दहा ते अधिक दहा टक्क्यांत असेल तर ठीक, अधिक पंधराच्या वर म्हणजे कुठून तरी हवा घुसतेय किंवा इंधनाचा दाब कमी आहे. तिसरी, किलोमीटर. डॅशबोर्डवरचा आकडा बदलता येतो, पण गिअरबॉक्स, लाइट किंवा चावी अशा दुसऱ्या ठिकाणीही किलोमीटरची नोंद राहते. आकड्यांत तफावत निघाली की बोलणं तिथेच संपवा.

डिझेल असेल तर डीपीएफमधल्या (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमधल्या) काजळीचं आणि राखेचं प्रमाण बघा. काजळी जाळता येते, राख नाही. गाडी फक्त शहरात चालली असेल तर फिल्टर जाळण्याची प्रक्रिया अर्धवट राहते आणि त्यासाठी फवारलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल खुणेच्या वर चढलेलं दिसेल आणि त्याला डिझेलचा वास येईल. शहरातच वापरायची असेल तर पेट्रोल घ्या.

पायरी ५: सस्पेन्शन

एअर सस्पेन्शन बसायला स्वर्ग आहे आणि दुरुस्तीला तितकंच महाग. गाडी सपाट जमिनीवर रात्रभर उभी राहिली पाहिजे. सकाळी, दार उघडण्याआधी, प्रत्येक चाकाच्या मध्यबिंदूपासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजा. डाव्या-उजव्यात सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर खाली बसलेला कोपरा गळतोय. स्ट्रटच्या रबराच्या घडीवर आणि वरच्या नळीच्या जोडावर साबणाचं पाणी फवारलं की बुडबुडे जागा दाखवतात.

नवखे इथे एक चूक हमखास करतात. कॉम्प्रेसर जळाला म्हणून नवा कॉम्प्रेसर टाकतात, आणि तोही काही महिन्यांत जळतो. गळका स्ट्रट भरत राहण्यासाठी कॉम्प्रेसर सतत चालतो, म्हणून जळतो. आधी गळती, मग कॉम्प्रेसर, आणि त्याच्यासोबत रिलेही, कारण रिलेचे संपर्क चिकटले तर कॉम्प्रेसर थांबतच नाही. मर्सिडीजच्या काही मोठ्या मॉडेलमधलं एबीसी हे याहून वेगळं प्रकरण आहे. तिथे हवेऐवजी साधारण २०० बार दाबाचं हायड्रॉलिक ऑइल असतं. पहिली गाडी म्हणून ते नको.

साध्या स्प्रिंगच्या गाडीतही खर्च आहे, पण आवाक्यातला. ऑडी ए६ ला पुढे प्रत्येक बाजूला चार असे आठ ॲल्युमिनियमचे आर्म आहेत. एकेक बदलत बसण्यापेक्षा पूर्ण सेट टाकावा. बुशचे बोल्ट गाडी लिफ्टवर लटकलेली असताना कसू नयेत. चाकांवर वजन आलेल्या उंचीला आणूनच शेवटचा पिळ द्यायचा, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं. तुमच्या मेकॅनिकला हे माहीत आहे का, हा त्याची पारख करायचा चांगला प्रश्न आहे.

पायरी ६: चालवून बघणं

किमान पाऊण तास हवा. ब्रेक दाबून आर आणि डी मध्ये टाका. गिअर पकडायला एका सेकंदापेक्षा जास्त लागला किंवा हिसका बसला तर गिअरबॉक्सचं काम आहे. गरम झाल्यावर ५० ते ८० च्या वेगात ॲक्सिलरेटर जेमतेम दाबून ठेवा. रस्त्यावरच्या बारीक पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर आली तर टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या भागाचा) क्लच घसरतोय. कधी ती नुसतं ऑइल बदलून जाते, पण भाव ठरवताना कन्व्हर्टर धरूनच बोला. शंभरवरून ब्रेक लावल्यावर स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क किंवा आर्मचे बुश.

२००२ ते २००६ च्या मध्यापर्यंतच्या मर्सिडीज ई-क्लासमध्ये एसबीसी हे विजेवर चालणारं ब्रेक युनिट आहे. ते किती वेळा चाललं याची मोजणी स्वतःजवळ ठेवतं, आणि ठरलेली संख्या गाठली की डॅशवर लाल इशारा देतं. त्यानंतर युनिट बदलावंच लागतं. बदलाच्या कागदाशिवाय ही गाडी घेऊ नका. २००६ मध्येच आलेल्या सुधारित मॉडेलमध्ये साधे हायड्रॉलिक ब्रेक परत आले, म्हणून तीच शोधणं शहाणपणाचं.

पायरी ७: पाणी कुठं मुरतंय

या गाड्यांचे अर्धे विचित्र इलेक्ट्रिकल बिघाड पाण्यातून येतात. सनरूफच्या चारही कोपऱ्यांतून बारीक नळ्या खाली जातात. त्या पालापाचोळ्याने तुंबल्या की पाणी छतातून गालिच्याखाली उतरतं, आणि कंप्युटर नेमके तिथेच असतात. चारही पावदानांखाली हात घालून दाबा, डिकीतलं झाकण उचलून खालचा खळगा बघा. बीएमडब्ल्यू ५ सिरीजच्या ई६० पिढीत बॅटरी आणि बरीच मॉड्युल डिकीतच आहेत. ओलसर वास, आतून धूसर काच, गंजलेले स्क्रू यांपैकी काहीही दिसलं तर सोडून द्या. ओल्या वायरिंगची दुरुस्ती कुणीच खात्रीने करून देत नाही.

प्रत्येक बटण दाबा, सगळ्या काचा, सीट, पडदे, कॅमेरा. चावी लावून-काढून दहा वेळा बघा. २००७ नंतरच्या काही मर्सिडीजमध्ये स्टिअरिंग लॉकची छोटी मोटर मरते आणि गाडी चालूच होत नाही. चाव्या दोन हव्यात.

रंगाची जाडी मोजायचं यंत्र फिरवा. मूळ रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन असतो. दोनशेच्या वर म्हणजे पुन्हा रंगवलंय, पाचशेच्या वर म्हणजे खाली पुट्टी आहे. टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा: ३२१९ म्हणजे २०१९ चा ३२ वा आठवडा. चार टायर चार कंपन्यांचे असतील तर आधीच्या मालकाने बाकीच्या खर्चातही तसाच हात आखडला असणार.

भाव आणि पहिला महिना

सापडलेल्या प्रत्येक दोषापुढे पार्टची किंमत आणि तास लिहून ती यादी समोर ठेवा. "थोडं कमी करा" याला विकणारा हसतो, लिहिलेल्या यादीला उत्तर द्यावं लागतं.

घेतल्यावर, कितीही चांगली सर्व्हिस दाखवली असली तरी, इंजिन ऑइल आणि सगळे फिल्टर, ब्रेक फ्लुइड, कूलंट आणि पट्टे बदला. त्यानंतर गिअरबॉक्सचं ऑइल. सहा गिअरच्या झेडएफ बॉक्समध्ये फिल्टर प्लास्टिकच्या पॅनमध्येच घडवलेला असतो, म्हणून पॅन पूर्ण बदलतात. त्याच वेळी मेकॅट्रॉनिकच्या प्लगभोवतीची स्लीव्ह आणि सील नवीन टाकून घ्या, गळती बहुधा तिथूनच होते. एकदा सोडल्याने निम्म्याच्या आसपास ऑइल निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं. पातळी बघताना इंजिन चालू, गाडी सपाट आणि गिअरबॉक्सचं ऑइल ३० ते ५० अंशांत हवं. हे तापमान स्कॅनरवर बघूनच भरणारा मेकॅनिक निवडा, कारण अर्धा लिटर कमी पडलं तरी बॉक्स घसरायला लागतो.

बॅटरी जुनी असेल तर मूळच्याच प्रकारची, बहुतेकदा एजीएम, घाला. बीएमडब्ल्यू आणि ऑडीत नव्या बॅटरीची नोंद स्कॅनरने करावी लागते. नाही केली तर गाडी जुन्या बॅटरीच्या हिशोबाने चार्ज करत राहते आणि नवी बॅटरी लवकर मरते. हे सगळं झालं की पहिल्या हजार किमीनंतर ऑइलची पातळी, कूलंटची पातळी आणि खालच्या डागांची जागा वहीत लिहा. पुढच्या हजाराला त्याच तीन नोंदी पुन्हा घ्या आणि मागच्याशी ताडून बघा.